रेडिऑन कार्डांवरचं बिटकॉइन मायनिंग (२०१० ते २०१३) आणि वॉलेटची दुखणी

सोल्डरगन (धागाकर्ता)

मायनिंग म्हणजे यंत्राकडून सतत गणित करून घेऊन नवा ब्लॉक (व्यवहारांच्या नोंदींचा गठ्ठा) शोधणं आणि त्याबद्दल नाणी मिळवणं; वॉलेट म्हणजे ती नाणी खर्चायच्या किल्ल्या ठेवायची जागा. या विषयावरची माहिती फार विखुरली आहे. जुने डाउनलोड दुवे मेले, त्या वेळची पानं गेली. त्या काळातली डिस्क किंवा रिग (अनेक कार्डांचं मायनिंग यंत्र) हाती लागलं तर आजच्या मार्गदर्शिका कामाला येत नाहीत, कारण त्या सगळ्या बारा शब्दांच्या वॉलेटच्या आहेत. म्हणून तेव्हाचं काम कसं चालायचं आणि नाणी नेमकी कुठे अडकायची, एवढंच इथे गोळा करू. भाव वर जाईल की खाली, ही चर्चा कृपया इथे नको.

सुरुवात कार्डांपासून. ३ जानेवारी २००९ ला पहिला ब्लॉक निघाला तेव्हा मायनिंग साध्या प्रोसेसरवर चालायचं आणि मूळ प्रोग्रॅममध्येच त्याचा पर्याय होता. २०१० च्या उत्तरार्धापासून ग्राफिक्स कार्डांसाठी मायनर (मायनिंगचे प्रोग्रॅम) आले: पोक्लबम, डायब्लोमायनर आणि २०११ त फिनिक्स व सीजीमायनर. तेव्हाच लक्षात आलं की या कामात एएमडीची रेडिऑन कार्डं एनव्हिडियाच्या कितीतरी पुढे आहेत. रेडिऑन ५८७० साधारण ४०० मेगाहॅश (सेकंदाला ४० कोटी हॅश, म्हणजे गणिताचे तेवढे प्रयत्न) द्यायचं, तर त्याच्याहून महाग एनव्हिडियाचं जीटीएक्स ५८० जेमतेम १४०. बिटकॉइनच्या हॅशचं सूत्र एसएचए-२५६, त्यात ३२ बिटांचे आकडे सतत गोल फिरवावे लागतात. एएमडीच्या चिपमध्ये हे फिरवणं एकाच सूचनेत होतं, तर त्या वेळच्या एनव्हिडियात त्याला तीन सूचना लागायच्या. त्यात ५८७० वर १६०० छोटी गणनयंत्रं होती, आणि मायनिंगला तीच हवी असतात.

बिटकॉइनच्या गणिताला कार्डाची मेमरी जवळपास लागत नाही. म्हणून ५८७० ची मेमरी १२०० मेगाहर्ट्झवरून ३०० वर आणायची. वेग तोच राहतो, वीज वाचते, कार्ड थंड पडतं. हीच सेटिंग ठेवून लाइटकॉइन (दुसरं एक नाणं) सुरू केलं की मात्र वेग कोसळतो. त्याचं सूत्र वेगळं, स्क्रिप्ट (scrypt) नावाचं, आणि त्याच्या एका हॅशला १२८ किलोबाइट मेमरी लागते, त्यामुळे तिथे मेमरीचा वेग पुन्हा वर न्यावाच लागतो. 'कार्ड खराब झालं' अशा कितीतरी तक्रारींच्या मुळाशी एवढंच असायचं.

वैनगंगा

चांगला धागा. विजेचं मी लिहिते, कारण रिग जळण्याची कारणं बहुतेक तिथेच असतात.

५८७० ची कमाल खपत १८८ वॅट. चार कार्डं आणि बाकीचं यंत्र मिळून भिंतीवर साधारण ९०० वॅट धरा. म्हणजे दिवसाला साडेएकवीस युनिट, आणि त्यातला प्रत्येक वॅट शेवटी खोलीत उष्णता म्हणूनच येतो. एक टनाचा एसी साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढतो, त्यातला चौथा हिस्सा एकटं रिगच खातं. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात बंद खोलीत हे चालणार नाही. उघडा सांगाडा, समोर मोठा पंखा आणि गरम हवेला बाहेर जायची वाट, एवढं किमान हवं.

खरी आग लागते ती मदरबोर्डच्या २४ पिनच्या जोडाला. कार्ड आपली सगळी वीज वरच्या ६ पिनच्या केबलींतून घेत नाही, काही भाग स्लॉटमधूनही घेतं. स्लॉटला १२ व्होल्टवर साडेपाच अँपिअरपर्यंत मुभा आहे. चार कार्डं तेवढी खेचू लागली तर २२ अँपिअर होतात, आणि २४ पिनच्या जोडात १२ व्होल्टच्या पिवळ्या तारा फक्त दोन. आधी त्या दोन पिनांभोवतीचं प्लास्टिक तपकिरी होतं, मग पिन सैल पडते, सैल पिन आणखी तापते आणि एके रात्री जोड वितळतो. दर पंधरा दिवसांनी यंत्र बंद करून तो जोड काढायचा आणि पिवळ्या तारांची टोकं बघायची. रंग बदलला असेल तर तो जोड पुन्हा लावायचा नाही.

तीनपेक्षा जास्त कार्डं असतील तर वीज बाहेरून घेणारे रायझरच (कार्ड स्लॉटपासून दूर बसवायच्या जोडपट्ट्या) वापरावेत. त्यांना वीज मोलेक्समधून (पॉवर सप्लायचा मोठा चार पिनचा जोड) द्यावी. साटाचं (हार्डडिस्कला वीज देणाऱ्या जोडाचं) मोलेक्स करणारा तुकडा लावू नये: साटाच्या जोडाची १२ व्होल्टवरची क्षमता साडेचार अँपिअर, म्हणजे ५४ वॅट, आणि स्लॉटमधून मागणी ६६ वॅटपर्यंत जाऊ शकते.

निळासमुद्र

माहितीपूर्ण. एक शंका: विंडोज ७ वर दुसरं-तिसरं कार्ड डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसतं पण मायनरमध्ये येतच नाही, असं का व्हायचं? त्यासाठी रेझिस्टर लावायचे म्हणतात, ते कुठे?

सोल्डरगन

ज्या कार्डाला मॉनिटर जोडलेला नाही त्याला विंडोज झोपवून ठेवायचं, मग ओपनसीएललाही (मायनर ज्यातून कार्ड वापरतो ती सोय) ते सापडायचं नाही. उपाय म्हणजे खोटा मॉनिटर. कार्डासोबत येणारा डीव्हीआय ते व्हीजीए अडॅप्टर घ्या. व्हीजीएच्या बाजूला पंधरा भोकं असतात, पाच-पाचच्या तीन ओळी. पहिली तीन लाल, हिरवा, निळा. सहा, सात, आठ या त्यांच्या परतीच्या तारा. ७५ ओहमचे तीन रेझिस्टर घ्या (६८ चेही चालतात) आणि १ ते ६, २ ते ७, ३ ते ८ असे पाय खोचा. सोल्डरची गरज नाही, पाय कापून वाकवले की भोकात घट्ट बसतात. वरून चिकटपट्टी लावा, म्हणजे पाय एकमेकांना टेकणार नाहीत. मॉनिटरच्या रंगतारांचा अडथळा ७५ ओहमच असतो, म्हणून कार्डाला पडदा जोडल्यासारखं वाटतं. मग डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन त्या 'पडद्या'वर डेस्कटॉप पसरवायचा. ही पायरी राहिली तर रेझिस्टर लावूनही उपयोग नाही. क्रॉसफायरची (दोन कार्डं एकमेकांना जोडणारी) पट्टी काढून ठेवा.

लिनक्सवर बहुधा याची गरज पडत नाही. एएमडीच्या ड्रायव्हरबरोबर येणाऱ्या साधनाने सगळ्या कार्डांची नोंद करून घ्यायची आणि एक्स सर्व्हर (लिनक्सवर पडदा दाखवणारा प्रोग्रॅम) चालू ठेवायचा, एवढं पुरतं. दुरून लॉगिन करून मायनर सुरू केला आणि 'कार्ड नाही' असं आलं, तर डिस्प्लेचा व्हेरिएबल शून्य क्रमांकावर लावलेला आहे का ते आधी बघा.

काळीमाती

एकट्याने मायनिंग आणि पूल (अनेकांनी मिळून मायनिंग करून नाणी वाटून घेणं) यांचं गणितही कोणीतरी मांडा. 'तेव्हा घरबसल्या रोज ५० नाणी मिळायची' असं सर्रास लिहिलं जातं.

दोनशेछप्पन

ते २००९-१० पुरतं खरं होतं. २०११ च्या जूनअखेर डिफिकल्टी (ब्लॉक सापडणं किती अवघड याचा आकडा) साधारण १३.८ लाख झाली होती. एक ब्लॉक सापडायला सरासरी डिफिकल्टी गुणिले दोनचा बत्तिसावा घात इतके हॅश लागतात. ४०० मेगाहॅशला हे गणित घातलं की १७१ दिवस येतात. आणि ही फक्त सरासरी आहे. १७१ दिवस पूर्ण होऊनही हातात शून्य असण्याची शक्यता ३७ टक्के. पूलमध्ये तेच कार्ड दिवसाला सरासरी ०.२९ नाणं द्यायचं, म्हणून माणसं पूलकडे गेली.

पूलमध्ये 'शेअर' म्हणजे डिफिकल्टी १ चं उत्तर. ४०० मेगाहॅशच्या कार्डाला असा एक शेअर सरासरी १०.७ सेकंदांनी सापडतो. मायनरच्या पडद्यावर दोन मिनिटं काहीच सरकत नसेल तर तो नशिबाचा भाग नाही, काहीतरी तुटलंय. नाकारलेले शेअर एक-दोन टक्के असतील तर ठीक. पाच टक्क्यांवर गेले तर नेटवर्क बघा किंवा कार्डाचा वेग उतरवा. जुन्या गेटवर्क पद्धतीत प्रत्येक कामासाठी पूलकडे नव्याने मागणी करावी लागायची आणि मंद नेटवर शिळे (उशिरा पोचलेले) शेअर वाढायचे. २०१२ त स्ट्रॅटम ही पूलशी बोलायची नवी पद्धत आली आणि ही कटकट बरीच कमी झाली.

वाटपाची पद्धतही बघायला हवी. साध्या प्रमाणशीर वाटपात लबाडी सोपी होती: नव्या फेरीच्या (एक ब्लॉक सापडल्यापासून पुढचा सापडेपर्यंतचा काळ) सुरुवातीला शिरायचं आणि डिफिकल्टीच्या ४३.५ टक्के शेअर भरले की दुसऱ्या पूलमध्ये उडी मारायची. उड्या मारणाऱ्याला जास्त मिळायचं आणि तेवढंच चोवीस तास इमानाने बसलेल्याच्या हिश्श्यातून जायचं. स्लशच्या पूलने गुणांची पद्धत आणली, इतरांनी शेवटच्या ठराविक शेअरांवर वाटप सुरू केलं, ते यासाठीच. हे वाचून काहींना तांत्रिक बारकावा वाटेल, पण प्रामाणिक माणसाचं रोज नुकसान करणारी पद्धत बदलणं हे त्या मंडळींचं मोठं काम होतं.

वैनगंगा

+१. २०१३ चीही भर घालते. जानेवारीत अ‍ॅव्हलॉनचे पहिले आसिक (फक्त मायनिंगसाठी बनवलेल्या चिपची यंत्रं) पोचले आणि कार्डांचा काळ संपला. त्याच वर्षी यूएसबीत खोचायचा ब्लॉक इरप्टर आला: ३३३ मेगाहॅश, फक्त अडीच वॅट. इथे लोक यूएसबी हबवर फसायचे. एका इरप्टरला अर्धा अँपिअर, म्हणजे दहांना ५ व्होल्टवर पाच अँपिअर. दहा पोर्टच्या हबबरोबर दोन-तीन अँपिअरचा अडॅप्टर यायचा, मग सहावा-सातवा लावला की सगळेच आळीपाळीने गायब. दोष इरप्टरचा नसायचा.

किल्लीजपा

कार्डं आणि हब दुरुस्त होतात, नवे येतात. नाणी गेली ती बहुतेक वॉलेटच्या बाजूने, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

मूळ प्रोग्रॅमचं वॉलेट म्हणजे वॉलेट.डॅट ही एक फाइल. विंडोजवर ती युजरच्या अ‍ॅपडेटामधल्या रोमिंगमधल्या बिटकॉइन फोल्डरात असते, लिनक्सवर होम फोल्डरातल्या लपलेल्या बिटकॉइन फोल्डरात. तिच्यात शब्दांचा संच नाही, सुट्या खाजगी किल्ल्या (नाणी खर्चायला लागणारे गुप्त आकडे) आहेत, आणि प्रत्येक किल्ली स्वतंत्रपणे, यादृच्छिक तयार झालेली. एका किल्लीवरून दुसरी काढता येत नाही. आजच्या सवयीने विचार करणारा नेमका इथे चुकतो.

तुमच्याकडे ५० नाण्यांचा एक ब्लॉक आहे आणि तुम्ही १ नाणं पाठवलं. पूर्ण ५० खर्ची पडतात, १ समोरच्याला जातं आणि ४९ सुट्टे म्हणून तुमच्याच एका नव्या पत्त्यावर येतात. तो पत्ता प्रोग्रॅम यादीत दाखवायचाच नाही. २०१० च्या ऑगस्टमध्ये असंच एक प्रकरण झालं. लाइव्ह सीडीवर (यंत्र बंद केलं की त्यावरचं काहीच उरत नाही) चालणाऱ्या यंत्रात ९,००० नाणी होती, वॉलेटची प्रत पेनड्राइव्हवर होती. त्यानंतर त्या माणसाने १ नाणं स्वतःलाच पाठवलं. उरलेली ८,९९९ नव्या किल्लीवर गेली, सीडी बंद झाली, आणि ती किल्ली जुन्या प्रतीत नव्हती. ती नाणी कायमची गेली.

यावर त्याच वर्षी १०० किल्ल्यांचा साठा आधीच करून ठेवायची सोय आली. म्हणजे आज घेतलेली प्रत पुढच्या १०० किल्ल्यांपर्यंत पुरते. पण प्रत्येक नवा पत्ता एक किल्ली खातो, प्रत्येक सुट्ट्यालाही एक लागते आणि एकट्याने मायनिंग करताना सापडलेल्या ब्लॉकलाही एक. रोजच्या वापरात शंभर फार पटकन संपतात. शब्दसंचावरून सगळ्या किल्ल्या काढणारं इलेक्ट्रम २०११ च्या नोव्हेंबरात आलं. बिटकॉइन कोअरमध्ये (मूळ प्रोग्रॅमचं नंतरचं नाव) एका बीजातून (सगळ्या किल्ल्यांच्या मुळाशी असलेला एकच गुप्त आकडा) सगळ्या किल्ल्या काढायची सोय यायला २०१६ उजाडलं.

आणखी एक खाच. फाइलला पासवर्ड लावायची सोय ०.४.० मध्ये, २०११ च्या सप्टेंबरात आली. पासवर्ड लावला की जुना साठा बाद होतो आणि नवा तयार होतो. म्हणजे पासवर्ड लावण्याआधीची प्रत त्यानंतरच्या पत्त्यांसाठी निरुपयोगी. पासवर्ड लावल्यावर लगेच नवी प्रत घ्यायलाच हवी होती, आणि हे ठळकपणे सांगणारं फारच थोडं होतं. त्या पहिल्या आवृत्तीत उलटा दोषही होता: पुसलेल्या उघड्या किल्ल्या फाइलच्या पोटात तशाच राहायच्या. पुढच्या आवृत्तीत फाइल नव्याने लिहून तो दुरुस्त झाला.

निळासमुद्र

मग लोकांनी ऑनलाइन वॉलेट का घेतली ते कळतं. ब्लॉकचेन (सगळ्या ब्लॉकांची पूर्ण साखळी) उतरवायला नको, प्रत ठेवायला नको.

किल्लीजपा

सोय खरी होती, आणि पूलमधून रोज थोडं थोडं जमा होणाऱ्याला तर फारच. पण किल्ली दुसऱ्याकडे जायची. मायबिटकॉइन हे ऑनलाइन वॉलेट २०११ च्या जुलैअखेर अचानक बंद पडलं. ऑगस्टमध्ये सांगितलं गेलं की ५१ टक्के ठेवी गेल्या, उरलेले ४९ टक्के परत मिळतील. एकाच कन्फर्मेशनवर (व्यवहार एका ब्लॉकात नोंदला जाताच) जमा मान्य केल्यामुळे फसवणूक झाली, असं कारण दिलं होतं. इन्स्टावॉलेटमध्ये पासवर्डच नव्हता, लांबलचक वेबपत्ता हीच किल्ली. तो ब्राउझरच्या इतिहासात राहतो, कॉपी-पेस्टमध्ये राहतो, कोणी मंचावर चिकटवला तर सर्च इंजिनात जातो. २०१३ च्या एप्रिलमध्ये तिथे चोरी झाली आणि सेवा बंद. इनपुट्स.आयओमधून २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये ४,१०० नाणी गेली. सुरुवात जुन्या ईमेल खात्यातून झाली, त्यावरून होस्टिंगचा ताबा मिळवला गेला. पूलवालेही सुटले नाहीत: २०१२ च्या मार्चमध्ये लिनोड या सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरांवर घुसखोरी झाली, त्यात स्लशच्या पूलची ३,०९४ नाणी गेली, पण ती भरपाई पूलने स्वतःच्या खिशातून केली. हे आवर्जून लिहिण्यासारखं आहे.

ब्लॉकचेन.इन्फो वेगळं होतं. किल्ल्या ब्राउझरमध्येच तयार होऊन पासवर्डने बंद व्हायच्या, कंपनीकडे फक्त बंद पेटी. म्हणून पासवर्ड विसरलात तर तेही काही करू शकत नाहीत. सुरुवातीच्या खात्यांत जे शब्द लिहून घ्यायला सांगत, ते पासवर्ड परत मिळवण्याचे शब्द आहेत, किल्ल्यांचे नाहीत. ते शब्द आजच्या कुठल्याही वॉलेटमध्ये बीज म्हणून घातले तर 'अवैध' येईल किंवा रिकामं खातं दिसेल. त्यांच्यासोबत खात्याची मूळ पेटी हवी. ती जुन्या ईमेलमध्ये शोधा, बॅकअप म्हणून जेसॉन फाइल जोडून यायची. काही खात्यांना दुसरा पासवर्डही असतो. शिल्लक पहिल्या पासवर्डवर दिसते, पण पाठवायला दुसरा लागतो.

दोनशेछप्पन

मायनिंगवाल्यांची खास अडचणही नोंदवायला हवी. एलिजियस आणि पीटूपूल हे पूल पैसे थेट ब्लॉकच्या पहिल्या व्यवहारातून द्यायचे. अशी नाणी १०० कन्फर्मेशन होईपर्यंत खर्चता येत नाहीत, आणि काही ऑनलाइन वॉलेटांना व एक्स्चेंजांना असा व्यवहार ओळखताच यायचा नाही. साखळीवर रक्कम दिसतेय, खात्यात शून्य. त्यामुळे पूलचा पत्ता कायम स्वतःच्या किल्लीचा ठेवायचा.

दुसरी अडचण चिल्लरीची. ०.०१ ची दोनशे वाटपं म्हणजे २ नाणी, पण खर्चताना दोनशे इनपुट (आधी जमा झालेला प्रत्येक तुकडा वेगळा मोजला जातो). प्रत्येक इनपुट साधारण १४८ बाइटचं, म्हणजे जवळपास ३० हजार बाइट. बाइटमागे १० सातोशी (नाण्याचा दहा कोटीवा भाग) धरले तरी शुल्क ०.००३ च्या आसपास. फॉसेटमधून (फुकट चिल्लर वाटणारी साइट) आलेली ०.००००५ ची चिल्लर असेल तर दर ४० सातोशीला गेल्यावर ती हलवायला तिच्या किमतीपेक्षा जास्त लागतं. शुल्क कमी असतानाच ती एकत्र करावी.

काळीमाती

समजा आज कोणाला २०११ ची डिस्क सापडली, त्यात वॉलेट.डॅट आहे. नेमका क्रम काय धरावा?

किल्लीजपा

डिस्क जोडून चालू करून बघायचा मोह टाळा. आवाज करत असेल तर आधी डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने डिस्कची पूर्ण प्रतिमा (हुबेहूब नक्कल) घ्या आणि पुढचं सगळं प्रतिमेवर करा. फाइल पुसली गेली असेल किंवा विंडोज पुन्हा टाकलं असेल तरी आशा सोडू नका. पायवॉलेट नावाचं साधन कच्च्या डिस्कवर किल्ल्यांच्या खुणा शोधतं.

फाइल मिळाली की दोन पेनड्राइव्हवर प्रती काढा आणि मूळ फाइलला हात लावू नका. मग इंटरनेट तोडलेल्या यंत्रावर बिटकॉइन कोअरची २२ किंवा त्याआधीची आवृत्ती टाका. अगदी नवी नको: ३० व्या आवृत्तीपासून या जुन्या फाइली थेट उघडत नाहीत, आधी नव्या रूपात न्याव्या लागतात. प्रत डेटा फोल्डरात ठेवा, 'कनेक्ट' ही सेटिंग शून्य ठेवून (म्हणजे तो कोणाशी जोडला जाणार नाही) प्रोग्रॅम सुरू करा, कन्सोलमधून पासवर्ड द्या आणि 'डंपवॉलेट' आज्ञेने सगळ्या किल्ल्या एका फाइलमध्ये काढा. सुट्ट्यांच्या लपलेल्या पत्त्यांच्याही त्यात येतात. शिल्लक शून्य दिसेल, घाबरू नका, ब्लॉकचेनच नाही तर दिसणार काय. किल्ल्यांसमोरचे पत्ते (किल्ल्या नव्हे!) दुसऱ्या यंत्रावर एक्सप्लोररमध्ये (पत्त्यावरची शिल्लक दाखवणारी साइट) तपासा. जिथे रक्कम आहे त्या किल्ल्या इलेक्ट्रमच्या नव्या वॉलेटमध्ये 'स्वीप' करा. त्याने रक्कम नव्या बीजाच्या पत्त्यावर येते, नुसत्या आयातीने ती जुन्याच किल्लीवर राहते.

पासवर्ड आठवत नसेल तर बीटीसीरिकव्हर किंवा हॅशकॅट ही पासवर्ड शोधणारी साधनं आहेत. आठवणारे तुकडे, जुनी सवयीची जोडणी, मोठ्या अक्षराची जागा हे सगळं लिहून द्या. आंधळा शोध फळत नाही, कारण प्रत्येक प्रयत्नाला एसएचए-५१२ चे किमान २५ हजार फेरे आहेत. बाहेरच्या कोणाची मदत घ्यायची वेळ आली तरी पूर्ण फाइल देऊ नका. पासवर्ड तपासण्यापुरता तुकडा वेगळा काढणारे छोटे प्रोग्रॅम आहेत, त्या तुकड्यावरून पासवर्ड शोधता येतो पण नाणी हलवता येत नाहीत. आगाऊ पैसे मागणारा आणि पूर्ण फाइल मागणारा, दोघांनाही नाही म्हणा.

निळासमुद्र

हेक्समधली (० ते ९ आणि ए ते एफ या अक्षरांची) ६४ अक्षरी किल्ली आहे, वॉलेटमध्ये घातली, वेगळाच पत्ता येतो. किल्ली चुकीची?

दोनशेछप्पन

बहुधा बरोबर आहे. एकाच किल्लीचे दोन जुने पत्ते होतात, संक्षिप्त आणि पूर्ण. २०१२ च्या मार्चमधल्या ०.६.० च्या आधी सगळे पूर्ण रूपातले होते. आजचं वॉलेट हेक्स किल्लीचा संक्षिप्त पत्ताच बघतं आणि रिकामा दाखवतं. ऑफलाइन साधनाने तीच किल्ली ५ ने सुरू होणाऱ्या रूपात बदला आणि ती स्वीप करा. के किंवा एल ने सुरू होणारी किल्ली संक्षिप्त पत्त्याची असते. ब्रेनवॉलेटच्या (लक्षात ठेवलेल्या वाक्यावरून किल्ली बनवायची पद्धत) वाक्यावरून काढलेल्या किल्लीलाही हेच लागू. अशा वाक्याच्या पत्त्यावर आज काही शिल्लक असेल तर ती त्याच दिवशी हलवा, ओळखीची वाक्यं बॉट सतत तपासत असतात.

वैनगंगा

भारतात विकणार असाल तर कराचं बघून ठेवा. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के अधिक उपकर, आणि त्याच वर्षीच्या १ जुलैपासून व्यवहारावर १ टक्का टीडीएस. मार्च २०२२ मध्ये लोकसभेत दिलेल्या उत्तरानुसार मायनिंगच्या यंत्रसामग्रीचा खर्च 'खरेदी किंमत' म्हणून वजा होत नाही. जुन्या कार्डांच्या आणि वीजबिलांच्या पावत्या तिथे चालणार नाहीत, सीएला आधीच विचारा.

किल्लीजपा

एक राहिलं. १ ऑगस्ट २०१७ च्या आधीपासून न हललेल्या पत्त्यांवर तेवढंच बिटकॉइन कॅशही (त्या दिवशी बिटकॉइनपासून फुटून निघालेलं वेगळं नाणं) आहे. ते काढायला लागणाऱ्या वॉलेटमध्ये तीच किल्ली टाकावी लागते. म्हणून आधी मूळ बिटकॉइन नव्या पत्त्यावर हलवा, सहा कन्फर्मेशन होऊ द्या, आणि मगच ती रिकामी झालेली किल्ली दुसऱ्या प्रोग्रॅमला द्या.